गवंड्याच्या वहीतले एकशे बारा दिवस

गवंड्याला लिहायची खोड होती. कुणाला तंबाखूची असते, कुणाला चुगलीची असते, याला लिहायची. सिमेंटच्या किती गोण्या फुटल्या, वाळूची किती घमेली वर गेली, कोण किती वाजता आला आणि पोट दुखतंय म्हणून किती वाजता पळाला, सगळं वहीत. पंचवीस वर्षांत एकाही घरमालकाशी मजुरीवरून त्याचं वाजलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. त्याच अभिमानानं त्यानं बायकोच्या निवडणुकीचा खर्च लिहिला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

त्या दुपारी तो शाळेमागच्या घराच्या परांचीवर उभा राहून गिलावा करत होता. ऊन असं, की थापी फिरवेपर्यंत माल सुकायचा. कचेरीचा शिपाई सायकलवरून आला आणि खालूनच ओरडला,

"गवंडी, खाली या. सरकारी कागद आहे."

"तिथूनच वाच की. हात भरलेत."

"सही लागते."

"थापीनं करू का?"

शिपाई हसला नाही. तेव्हा गवंड्यानं थापी ठेवली. तो उतरला, हात पुसले, आणि उन्हात डोळे बारीक करून वाचायला लागला. अर्थ एवढाच होता: निवडणुकीच्या खर्चाची हद्द चाळीस हजार. तुमच्या बायकोनं दाखवलेला खर्च पंचेचाळीस हजार. समोरच्या उमेदवारानं तक्रार केली आहे. परवा सकाळी अकरा वाजता कचेरीत या आणि तिचं नाव उमेदवारांच्या यादीतून का काढू नये ते सांगा.

"काढतात का हो नाव?" त्यानं विचारलं.

"काढतात," शिपाई म्हणाला. "मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एकाचं काढलं." मग जाता जाता त्यानं मागं वळून पाहिलं. "एक विचारू? तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं खरं लिहायला?"

काम अर्धं टाकून गवंडी शेताकडं निघाला. त्याची बायको निंदणीच्या टोळीची मुकादम. सगळं गाव तिला टोळीवाली म्हणायचं. पंचवीस-तीस बायाबाप्ये तिच्या शब्दावर या वाफ्यातून त्या वाफ्यात जायचे. पाटाकडेच्या रस्त्यानं जाताना त्याच्या चपला घोट्यापर्यंत धुळीत रुतत होत्या. धूळ खडीवाल्याच्या ट्रकांची. वर टेकाडावर त्याची खडीची मशीन, आणि गेली पंधरा वर्षं गावाचा प्रमुखही तोच. या उन्हाळ्यात त्याच्या ट्रकांनी पाटाचा काठ दोन ठिकाणी दाबून फोडला, आणि शेपटाकडच्या शेतांना महिनाभर पाणी मिळालं नाही. रोपं पांढरी होऊन मान टाकून बसली. टोळीचं काम गेलं. टोळीवाली तीनदा कचेरीत गेली. तिसऱ्यांदा खडीवाला तिला म्हणाला होता, "बाई, एवढी कळकळ आहे तर माझ्या खुर्चीवर तूच बस ना." ती म्हणाली, "बसते," आणि सरळ फॉर्म आणायला गेली.

यंदा कायदा नवा होता. खर्चाला हद्द, सगळा हिशेब मतदानाच्या आधी द्यायचा, आणि तो कुणीही कचेरीत बसून वाचू शकतो. गावात त्यावर पोट धरून हसून झालं होतं. सरकारी कायदा म्हणजे पाण्यावरची रेघ, असं शिंप्याच्या दुकानात ठरूनही गेलं. टोळीवाली मात्र नवऱ्याला म्हणाली होती, "कायदा केलाय ना त्यांनी? मग लिहा. गाळायचं नाही काही." आणि गवंड्याला एवढं सांगणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

ती वाफ्यात उकिडवी बसली होती. त्याचा चेहरा पाहून खुरपं हातात धरूनच उठली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझं नाव जायची वेळ आलीय."

तिनं कागद ऐकून घेतला. बाकीच्या बायाही कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पंचेचाळीस हजार?" टोळीवाली म्हणाली. "अहो, आपण आयुष्यात एकदम पाच हजार पाहिलेत का? कुठून आणले तुम्ही पंचेचाळीस?"

"रोख अकरा हजार चारशे. कागद, रंग, भोंगा, फॉर्मचे पैसे."

"आणि बाकीचे?"

गवंड्यानं मान खाली घातली. "सावडीचे. एकशे बारा दिवस. दिवसाला तीनशे धरले."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सावड त्यांना शिकवायची गरज नव्हती. आज माझ्या वाफ्यात तू, उद्या तुझ्या वाफ्यात मी. पैसा हातात धरायचा नाही, पण दिवस बुडवायचा नाही. ज्यांनी टोळीवालीसाठी भिंती रंगवल्या, घरोघर फिरले, सभेची जागा साफ केली, तिच्या वाट्याचं निंदून दिलं, त्या सगळ्यांचे दिवस ती फेडणार होती. गवंड्यानं ते देणं म्हणून लिहिलं. देणं म्हणजे खर्च. त्याच्या हिशेबात यात खोट कुठंच नव्हती.

"मग बरोबरच लिहिलंय की," बोळकी आजी म्हणाली. टोळीत ती सगळ्यांत म्हातारी, तोंडात दात नाही, पण खुरपं तरण्यांना मागं टाकायचं. "माझे तीन दिवस लिहिलेत ना?"

"लिहिलेत, आजी."

"मग झालं तर," आजी म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

टोळीवाली हसली नाही, रडली नाही. डोक्याचं फडकं सोडून तिनं तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "खोटं लिहिलं असतं तर आज निवांत असतो नाही का आपण?"  गवंड्याला वाटलं, परांचीवरून पडलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाला न सांगता टेकाडावर गेला. तक्रार मागं घ्या म्हणून हातपाय जोडायचे, एवढंच डोक्यात होतं. खडीवाला मशीनजवळच्या शेडमध्ये बसला होता. पांढरा शर्ट इतका पांढरा, की आजूबाजूला एवढी धूळ असताना तो तसा राहतो कसा याचंच नवल. भोवती तीसएक माणसं, सगळी त्याच्या प्रचाराची.

"या, या गवंडी! अरे, खुर्ची द्या यांना. आमचा सगळ्यात मोठा कार्यकर्ता आलाय."

माणसं हसली. गवंडी उभाच राहिला.

"पंधरा वर्षं निवडणूक लढतोय मी," खडीवाला म्हणाला, "पण तुझी वही माझ्यासाठी जेवढी राबली ना, तेवढं कुणी राबलं नाही. किती झाले? पंचेचाळीस? अरे, माझे नऊ हजार दोनशे झालेत. हा बघ कागद. एकच पान. शिक काहीतरी."

"मालक, तक्रार मागं घ्या. चूक माझी आहे, तिची नाही."

"तक्रार कशाला मागं घ्यायची? तिलाच नाव मागं घ्यायला सांग. चारचौघांत बेअब्रू तरी टळेल. आणि हे बघ, मला गोदामाभोवती कुंपणाची भिंत बांधायची आहे. सहा महिन्यांचं काम. तुझंच समज."

सहा महिने. गवंड्याचे गुडघे गेली दोन वर्षं परांची चढताना कुरकुरत होते, आणि कुंपणाची भिंत म्हणजे सगळं काम जमिनीवरून. तिथंच ताडकन नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या तोंडून आलं, "विचारतो."

तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं खाकरून घेतलं. "मालक, बारा दिवस झाले. माणसं आणतोय, पोचवतोय. डिझेलचे तरी—"

"निवडणूक झाली की. सगळ्यांचं एकदम. मी कुठं पळून चाललोय?"

"तसं नाही, मालक."

"मग कसं?"

ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरकडं वळला. गवंडी टेकाड उतरला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते, आणि ते उन्हानं नव्हते.

घरी टोळीवाली चुलीपुढं बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, भिंतीचं सुद्धा. लपवणं त्याला जमायचंच नाही.

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"विचारतो म्हणालो."

"कुणाला?"

"तुला."

"मग विचारा."

"नाव मागं घेतेस का?"

"नाही. झालं विचारून?"

"झालं," गवंडी म्हणाला आणि त्याला एवढं हलकं वाटलं, की तो उगाचच हसला. तीही हसली. मग म्हणाली, "वहीत ज्यांची ज्यांची नावं आहेत त्यांना सांगा, उद्या यायचं. सगळ्यांनी. खोटं नाही लिहिलं हे तरी कचेरीतल्या तपासनीस बाईंना कळू दे."

"थोरल्या वहिनीला पण?"

टोळीवालीचा हात थांबला. थोरली जाऊ भिंतीपलीकडंच राहायची. नऊ वर्षांपूर्वी वाटणीत विहिरीवरून बोलणं झालं, ते तेव्हापासून बंद. तरी यंदा ती न बोलता आली होती, चार दिवस भिंतींना चुना मारला होता आणि न बोलता गेली होती.

"तिचे चार दिवस आहेत ना? मग तिलाही," टोळीवाली म्हणाली.

चौकशीच्या दिवशी साडेदहालाच कचेरी भरली. खोली ती केवढीशी, टेबल, दोन कपाटं आणि एक घरघर करणारा पंखा. माणसं दारात, खिडक्यांत, पायऱ्यांवर. पाय मोडलेला रंगारी सहा दिवसांचा मानकरी, त्याला दोघांनी ढकलगाडीवर घालून आणलं आणि दारातनं गाडी आत जाईना म्हणून आडवी करायला निघाले, तेव्हा तो बोंबलला, "अरे, मी सिमेंट आहे का?" खडीवाला पुढच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसला होता. त्याची माणसंही मजा बघायला मागं दाटून उभी होती.

तपासनीस बाई बाहेरगावच्या. चष्मा, बांधलेले केस, आवाज बारीक पण कोरडा. शेजारी कारकून. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, मॅडम." गवंडी उठला.

"'बोळकी आजी, तीन दिवस, पैकी तिसऱ्या दिवशी अर्धा तास उशीर.' हे पण खर्चात?"

"कापून धरलाय, मॅडम, तो अर्धा तास."

खोलीत खसखस पिकली. आजी म्हणाली, "उशीर नव्हता झाला."

बाई हसल्या नाहीत. "नियम ऐका. स्वखुशीनं, फुकट केलेलं काम खर्चात धरत नाहीत. मोबदला दिला, किंवा द्यायचा असला, मग तो पैशानं असो की कामानं, तर तो खर्च. आता सांगा, या एकशे बारा दिवसांतले फुकट किती?"

गवंड्याला नुसतं 'सगळे' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण नियतीनं त्याला जीभ दिली होती तीही त्याच्या वहीसारखीच.

"एकही नाही, मॅडम. आमच्याकडं फुकट कुणी कुणाचं घेत नाही. सगळे फेडायचे आहेत."

खडीवाल्यानं टाळी वाजवली, एकच. "झालं की! स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

मागं कुजबुज झाली. शिंपी म्हणाला, "बघितलं? खरं बोलणाऱ्याला सरकारात जागा नाही." कुणीतरी त्याला दुजोरा दिला.  बाईंनी पेन उचललं.

तेवढ्यात बोळकी आजी लोकांच्या कोपरांखालून वाट काढत पुढं आली आणि टेबलावर तिनं हात आपटला.

"माझे तीन फुकट. लिहा."

पेन थांबलं. "आजी, आत्ता तर हे म्हणाले—"

"ते काय म्हणाले ते म्हणाले. दिवस माझे आहेत. मी दिले. मला परत नकोत."

"लिहून द्याल? अंगठा करावा लागेल."

"दोन्ही करते."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि टोळीवालीकडं पाहिलं. "नुसतं यांनी सोडून चालणार नाही. तुम्हालाही कबूल करावं लागेल. यांचे तीन दिवस तुम्ही फेडणार नाही. कामानं नाही, पैशानं नाही. मान्य?"

टोळीवाली उभी राहिली, आणि टेबलाची कड धरून राहिली. गवंड्याला ठाऊक होतं तिच्या आत काय चाललंय ते. घरात दाणा नव्हता त्या साली हिनं शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं होतं आणि आठ दिवसांनी वाटी शिगोशीग भरून परत केली होती. कुणाचं मीठसुद्धा हिनं अंगावर ठेवलं नव्हतं. फुकट खाणारी, ही शिवी तिला आईवरच्या शिवीपेक्षा लागायची. आणि आता अख्ख्या गावासमोर, त्या खडीवाल्यासमोर, म्हाताऱ्या बाईचे तीन दिवस घशात घातले असं तोंडानं म्हणायचं.

"मॅडम, मी फेडीन की," ती कशीबशी म्हणाली. "दुसरं काहीतरी सांगा. हे नको."

"मग नाव जाईल."

"अगं म्हण ना बाई!" आजी तिच्यावर खेकसली. "मी काय माझ्यासाठी दिलेत? पाटाला पाणी आण म्हणून दिलेत. उद्या माझ्या वाफ्यात येऊन निंदत बसलीस तर पाणी कोण आणेल, तुझा बाप?"

टोळीवालीनं डोळे मिटले. "नाही फेडणार."

"मोठ्यानं. यांना लिहायचंय."

"नाही फेडणार!"

कारकुनानं लिहिलं. आणि मग काय झालं ते कुणाला नीट सांगता येणार नाही, पण खोली एकदम हलली. "माझे दोन!" "माझा एक!" "अरे रांगेनं या, रांगेनं!" ढकलगाडीवरनं रंगारी ओरडला, "माझे सहा, फुकट! माझ्याच्यानं रांगेत उभं राहवत नाही, माझं आधी घ्या!"

"फेडणार?"

"नाही फेडणार," टोळीवाली म्हणाली. गाल भिजले होते, पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

भोंगेवाल्याचा भोंगा रोखीत धरला होता, पण दीड दिवस तो नुसता तारा ओढत होता. तो म्हणाला, "दीड फुकट." "नाही फेडणार." सुतारानं व्यासपीठाच्या फळ्या ठोकल्या होत्या. "दोन. फळ्या मात्र परत पाहिजेत." हशा. "फळ्या देईन, दिवस नाही फेडणार!" दहाव्या-बाराव्या माणसापर्यंत मागची माणसंही तिच्याबरोबर म्हणायला लागली. कारकून नाव वाचायचा, बाई विचारायच्या, आणि खिडकीतून, दारातून, पायऱ्यांवरून एकच गलका उठायचा, "नाही फेडणार!" कारकुनाची मान लिहून लिहून अवघडली. गवंड्याच्या अंगावर काटा आला होता. या माणसांना त्यानं आयुष्यभर एकेका घमेल्यावरून वाद घालताना पाहिलं होतं, आणि आज ती आपले दिवस असे उधळत होती आणि वर खूष होती.

अडतीस झाले. एकोणचाळिसावी थोरली जाऊ. ती पुढं आली, हात बांधून उभी राहिली.

"चार दिवस. फुकट?" बाईंनी विचारलं.

"नाही."

पायऱ्यांवरची माणसं माना उंचावून बघायला लागली.

"फुकट का द्यायचे मी?" थोरली म्हणाली, बाईंकडं बघत, जावेकडं नाही. "ती माझी कोण लागते फुकट द्यायला? मला चारच्या चार परत पाहिजेत. माझा कांदा काढायला येतोय. हिनं यायचं, माझ्या वाफ्यात बसायचं आणि मी बोलीन ते ऐकायचं."

बाईंनी टोळीवालीकडं पाहिलं. गवंड्यानंही पाहिलं, आणि त्या तासाभरात पहिल्यांदाच त्याला बायकोची मान ताठ झालेली दिसली.

"फेडणार," टोळीवाली म्हणाली. "चारचे पाच फेडीन, वहिनी."

"चारच," थोरली म्हणाली. "जास्त नको. यांनी परत खर्चात धरले तर?"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "बाराशे खर्चात धरा," त्या कारकुनाला म्हणाल्या. मग वहीतली शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "आणि हे काय? 'नवरा, नऊ दिवस.' तुम्ही स्वतःचे पण लावलेत?"

हशानं पंखासुद्धा ऐकू येईना. गवंडी कानापर्यंत लाल झाला. "काम केलं होतं, मॅडम."

"फुकट की फेडून घ्यायचे?"

त्यानं बायकोकडं बघितलं. ती डोळे वटारून त्याच्याकडं बघत होती.

"फुकट, मॅडम. यात आमचं काही चालत नाही."

बेरीज झाली. रोख अकरा हजार चारशे, जावेचे बाराशे, एकूण बारा हजार सहाशे. बाईंनी शिक्का मारला आणि नाव यादीत कायम असं वाचून दाखवलं. जो कल्ला झाला त्यानं कपाटावरची पाखरं उडून खिडकीबाहेर गेली. टोळीवालीला बायांनी मिठ्या मारून मारून कोपऱ्यात नेली.

खडीवाला उठला. त्यानं शर्टाची बाही झटकली. "ठीक आहे. निघतो आम्ही."

"जरा थांबा की, मालक," भोंगेवाला म्हणाला. त्याला आवाज चढवायची सवयच होती. "मॅडम, उमेदवाराचा हिशेब कुणालाही वाचता येतो ना? बाहेर फळ्यावर लिहिलंय तसं."

"येतो."

"मग टोळीवालीचा वाचला, आता मालकांचा वाचा. आलोच आहोत तर."

"हो, वाचा!" मागून दहा-बारा आवाज आले. तासभर स्वतःची नावं सरकारी तोंडातून ऐकून माणसांना चव लागली होती.

बाईंनी कपाटातून एक फाईल काढली. आत एकच पान. "एकूण नऊ हजार दोनशे. मजुरी, शून्य. वाहन, शून्य." त्यांनी मान वर केली. "रोज दीडशे माणसं तुमच्याबरोबर फिरतात. ट्रॅक्टर, गाड्या. मी येताना पाहिल्या."

खडीवाला क्षणभर घोटाळला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तासभर त्यानंही ऐकलंच होतं की. "मॅडम, लोकांची जशी यांच्यावर माया, तशी आमच्यावरही. सगळं फुकट. स्वखुशीनं. कुणालाही विचारा."

"विचारते," बाई म्हणाल्या.

गवंड्यानं मागं पाहिलं. खडीवाल्याच्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मजा बघायला आले होते बिचारे, आणि मजा त्यांच्याच दारात येऊन बसली. ट्रॅक्टरवाला तोंड उघडं टाकून मालकाकडं बघत होता.

"मालक," तो म्हणाला, "माझे बारा दिवस?"

"बाहेर बोलू."

"बाहेर कशाला? इथं लिहिताहेत. एकदा फुकट म्हणून लिहिलं आणि मी सही केली, की गेले ना ते? आत्ता बघितलं की सगळ्यांनी."

"अरे, मी तुला बुडवीन का? हो म्हण आणि गप बस." खडीवाल्यानं डोळा घातला. पण खोली लहान होती, आणि तो डोळा शंभर माणसांनी पाहिला.

ट्रॅक्टरवाल्यानं खाकरून घेतलं. पंधरा वर्षं तो या माणसाच्या शेडमध्ये खाकरूनच बोलत आला होता. गवंड्याला राहवलं नाही. "घाबरू नको," तो म्हणाला, "नुसतं जे आहे ते सांग. बाकी मॅडम बघतील." आपण हे बोललो याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

ट्रॅक्टरवाला पुढं आला. "मॅडम, माझे बारा दिवस. ट्रॅक्टरसकट. डिझेल माझं. फुकट नाही."

 मग त्याच्यामागं खडीवाल्याचा स्वयंपाकी उभा राहिला. त्याच्यामागं झेंडे लावणारे चौघे. त्यांच्यामागं खुर्च्यांवाला, मग पत्रकं वाटणाऱ्या दोघी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. टोळीवालीची माणसं बाजूला सरून त्यांना वाट करून देत होती, आणि कोपऱ्यातून टोळीवाली टाचा वर करून बघत होती, जणू आपलीच टोळी कामावर लावतेय.

बाईंनी फाईलमधलं पान बाजूला सरकवलं. कारकुनाला म्हणाल्या, "कोरे कागद घ्या." मग खडीवाल्याकडं वळल्या. "ट्रॅक्टर, बारा दिवस. ते म्हणतात फुकट नाही. तुम्ही सांगा. फेडणार, की नाही फेडणार?"

खडीवाल्यानं ट्रॅक्टरवाल्याकडं पाहिलं. मग त्याच्यामागच्या रांगेकडं, जी दारातून बाहेर पडून पायऱ्या उतरली होती. पांढऱ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. गवंड्याला दिसत होतं, नाही म्हणावं तर ही सगळी रांग मतदानाला मालकावर उलटणार.

"फेडणार," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. यांना लिहायचंय."

"फेडणार!"

कारकुनानं लिहिलं. चाळीस हजार आठव्या माणसाला ओलांडले, आणि आठवं माणूस कोण, तर पत्रकं वाटणाऱ्यांतली एक. तिनं विचारलं, "मॅडम, हद्द संपली म्हणून माझं लिहायचं थांबवणार का?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला. "पुढं या. सगळ्यांचं लिहिणार."